हातात बाण घेतलेलं मूल : बुगरोचा क्युपिड आणि आपला मदन

जाईजुई

मंडळी, सध्या मुक्काम लॉस एंजेलिसला, लेकीकडे. नातू साडेतीन वर्षांचा आहे, म्हणजे दिवस कसा जातो ते वेगळं सांगायला नको. मागच्या आठवड्यात लेक म्हणाली, आई, तुला एकदा गेटी सेंटरला नेते. गाडी खाली लावायची आणि छोट्या ट्रामने डोंगरावर जायचं. तिकीट नाही, पार्किंगचे काय ते पैसे. वर गेल्यावर अख्खं शहर पायाशी दिसतं. पण मी लिहायला बसले आहे ते एका चित्राबद्दल.

विल्यम बुगरो नावाचा फ्रेंच चित्रकार. चित्र साधारण १८८० सालचं. फार मोठं नाही, उंची जेमतेम ८० सेंटीमीटर, रुंदी ५५. एक तरुणी बसली आहे आणि पंख असलेलं एक गुटगुटीत मूल हातात बाण घेऊन तिच्या अंगावर येतंय. ती दोन्ही हातांनी त्याला दूर धरते आहे, आणि तोंडावर हसू आहे. चित्राचं नाव ‘प्रेमदेवापासून स्वतःचा बचाव करणारी तरुणी’ अशा अर्थाचं. ते मूल म्हणजे ग्रीकांचा प्रेमदेव इरॉस, रोमन लोकांचा क्युपिड.

मी तिथून हलेचना. कारण सांगते. आदल्याच दिवशी नातवाने माझ्या पिशवीतली विणायची सुई पळवली होती. मी खाली बसले, त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला हातभर लांब ठेवलं आणि म्हटलं, “राजा, दे बघू ती.” त्याला तो खेळ वाटला. त्याने सगळं अंग माझ्यावर टाकलं. मी हसत होते, पण हात सैल सोडले नाहीत. साडेतीन वर्षांच्या पोराचा भार काय असतो ते मनगटांना कळतं. चित्रातल्या त्या बाईचे हात बघितले आणि मनात आलं, हे हात मला ओळखीचे आहेत. असं मूल ज्याने कधी धरलं नाही किंवा धरलेलं निरखून पाहिलं नाही, त्याला हे हात काढता येणार नाहीत.

घरी येऊन नेटवर वाचायला घेतलं, तर बहुतेक ठिकाणी बुगरोला नावंच ठेवलेली. गोडगोड, कॅलेंडरवरचं चित्र, श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी काढलेलं. मला वाईट वाटलं. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. एक, मी बघितलं ते खरंच त्या चित्रात आहे का? आणि दुसरं, आपला मदन कधी लहान मूल नसतो, मग त्यांचा का?

नीलमोहर

फार सुंदर लिहिलंय जाईताई. सुईचा प्रसंग वाचून चित्र शोधलं, आता त्या हातांशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

अनंत_वाचक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला जे माहीत आहे ते लिहितो.

इरॉस सुरुवातीपासून मूल नव्हता. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने सृष्टीच्या जन्माची कथा सांगितली आहे, तिच्यात इरॉस अगदी आरंभीच्या शक्तींपैकी एक आहे, पृथ्वीच्या बरोबरीचा. देवांचं आणि माणसांचं भान हरपवणारा. जुन्या ग्रीक मातीच्या भांड्यांवर तो पंख असलेला सडपातळ तरुण दिसतो. अलेक्झांडरनंतरच्या काळात त्याचं वय घटत गेलं, आणि रोमन लोकांपर्यंत येताना तो पार गुबगुबीत बाळ झाला. एकटाही राहिला नाही. पाँपेई या प्राचीन रोमन शहरात वेत्तींचं घर म्हणून एक वाडा आहे. तिथल्या भिंतींवर असे पुष्कळ छोटे क्युपिड रंगवलेत, सोनारकाम करणारे, अत्तर बनवणारे. पुढे रेनेसान्सच्या, म्हणजे प्रबोधनकाळातल्या इटलीत हीच मुलं चर्चमध्येही शिरली आणि देवदूतांत मिसळली.

बुगरो हे सगळं रोममध्ये राहून शिकला होता. १८५० साली त्याला ‘प्री द रोम’ मिळालं. फ्रान्समधला तो सगळ्यांत मानाचा पुरस्कार. त्यावर सरकारी खर्चाने रोमला राहून जुन्या कलेचा अभ्यास करायचा. तेव्हा इरॉसचं बालरूप बुगरोच्या मनातून आलेलं नाही, दोन हजार वर्षांची परंपरा त्याच्यापर्यंत पोचलेली होती.

हीच मुलं आपल्याकडेही येऊन गेली आहेत. गांधार शिल्पांमध्ये जाडजूड पुष्पमाळा खांद्यावर पेलणारी जी बालकं कोरलेली असतात, ती याच घराण्यातली. बुद्धाच्या स्तूपावर इरॉस! मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ तिथे उभा होतो.

जाईजुई

अनंतराव, मनापासून आभार. स्तूपावरच्या मुलांचं अजिबात माहीत नव्हतं.

वर्धाकाठ

जाईताई, धागा छान आहे, पण “आपला मदन कधी लहान मूल नसतो” हे तितकंसं खरं नाही. एकदा तो मूल झाला होता, आणि ती कथा तुमच्या चित्राच्या फार जवळची आहे.

शंकराची समाधी मोडायला इंद्राने मदनाला पाठवलं, तिसरा डोळा उघडला आणि मदन भस्म झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तो अनंग, देह नसलेला. पण पुढे भागवतात दशमस्कंधात येतं की तोच मदन कृष्ण-रुक्मिणीच्या पोटी प्रद्युम्न म्हणून जन्माला आला. बाळ दहा दिवसांचं व्हायच्या आत शंबरासुराने ते पळवलं आणि समुद्रात फेकलं. माशाने गिळलं. कोळ्यांच्या जाळ्यात तो मासा सापडला, त्यांनी नेऊन शंबराच्याच घरी दिला. स्वयंपाकघरात मासा चिरला तर आत जिवंत मूल. त्या स्वयंपाकघरात मायावती नावाची बाई होती. ती खुद्द रती. नवऱ्याला पुन्हा देह मिळेल या आशेवर वाट बघत राहिलेली. नारदाने तिला सांगितलं की हे बाळ कोण आहे. आणि तिने ते वाढवलं.

माझी आजी ही कथा सांगायची तेव्हा मासा चिरण्याच्या प्रसंगाला थांबायची. विळीवर हात धरून दाखवायची, की बघ, किती जपून चिरला असेल तो.

आणखी एक. रुक्मिणी आमच्या विदर्भाची, वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर हे तिचं माहेर म्हणून आम्ही मानतो. म्हणजे नात्याने मदन आमचा नातू लागतो!

कोकणकन्या

अंगावर काटा आला वाचून. मदनाला मांडीवर घेऊन वाढवणारी रती. याचं चित्र कोणी काढलंय का?

उन्मेष क.

थोडं वेगळं मत मांडतो. जाईताईंच्या भावनेचा पूर्ण आदर ठेवून.

मी बुगरोची चित्रं पॅरिसमध्ये ऑर्से म्युझियममध्ये पाहिली आहेत. त्याची ‘व्हीनसचा जन्म’ (१८७९) तिथेच आहे. हात बसलेला चित्रकार, यात वादच नाही. पण मला त्या पृष्ठभागाचा त्रास होतो. सगळीकडे एकसारखी तुळतुळीत त्वचा. ऊन नाही, धूळ नाही, घाम नाही. त्याच काळातला चित्रकार देगा आणि त्याचे इम्प्रेशनिस्ट मित्र अशा घोटीव चित्रांना बुगरोच्याच नावावरून बनवलेला शब्द वापरत. त्यांचा राग समजून घ्यायला हवा. पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मानाच्या अधिकृत प्रदर्शनात, चित्र लागलं तरच गिऱ्हाईक मिळायचं, आणि तिथे निवड करणाऱ्या मंडळावर बुगरोच्या पठडीतली माणसं. दार बंद झाल्यावर १८७४ साली या लोकांनी आपलं वेगळं प्रदर्शन भरवलं.

त्या पहिल्या प्रदर्शनात बेर्त मोरिसो या चित्रकर्तीचं ‘पाळणा’ नावाचं चित्र होतं. तिची बहीण पाळण्याशी बसून झोपलेल्या तान्ह्या मुलीकडे बघते आहे आणि मधे पाळण्याची पातळ जाळी. त्या जाळीतून बाळ धूसर दिसतं, बस. पंख नाहीत, बाण नाही. मला मूल म्हणजे काय ते त्या चित्रात कळतं. बुगरोच्या मुलाला पंख लावावे लागतात, कारण पुराणाचा आधार नसेल तर सलोनमध्ये ते चित्र हलकं ठरलं असतं.

रेषाघर

उन्मेष, मोरिसोच्या चित्राबद्दल शंभर टक्के सहमत. पण बुगरोची बाजू मांडायला हवी, म्हणून लिहितो. मी शाळेत चित्रकला शिकवतो, एकतीस वर्षं झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या किती बॅचेस गेल्या त्याची गणती नाही.

लहान मूल काढणं किती अवघड असतं ते आधी सांगतो. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी. दोन-तीन वर्षांच्या मुलाची जेमतेम पाच. नवशिका काय करतो, मोठ्या माणसाचं माप मनात ठेवून सगळं लहान करतो, आणि कागदावर येतो तो बुटका प्रौढ. युरोपातल्या जुन्या जुन्या चित्रांमधली बाळंसुद्धा अशी दिसतात. बुगरोच्या मुलाचं डोकं, पोट, मांडी यांची मापं तपासून बघा. ते मूलच आहे.

दुसरं, मूल स्थिर बसत नाही. मोठ्या मॉडेलला तासभर उभं करता येतं. मुलाला नाही. चित्रकाराने ते इतक्या वेळा रेखाटलेलं असावं लागतं की ढंग हातात भिनतो. बुगरोच्या कामाची रीत ठरलेली होती. आधी पेन्सिलीची छोटी कच्ची रेखाटनं, मग रंगातलं लहान टिपण, मग हात, डोकं, वस्त्राच्या चुण्या यांचा वेगवेगळा अभ्यास, मग पूर्ण आकाराचं रेखाचित्र, ते कॅनव्हासवर उतरवायचं, आणि सगळ्यांत शेवटी रंग. आज आपण ज्याला गुळगुळीत म्हणून मोडीत काढतो त्याच्याखाली एवढे थर असतात. या रीतीने त्याने आयुष्यात आठशेच्या वर चित्रं पुरी केली.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, तेव्हा तिथेही हाच धडा आला, ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून छायाप्रकाश घोटायचा. आमच्या गुरुजींचे गुरुजी त्यातून तयार झाले. मला स्वतःला पंधरा दिवस एकच प्लास्टरचा पाय काढायला लावला होता. सोळाव्या दिवशी घोटा कुठे वळतो ते दिसलं. तेव्हा त्या शिस्तीला कोणी नुसतं घोटीव म्हणून बाजूला सारलं की मला लागतं.

आणि जाईताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, तुम्ही बघितलं ते त्या चित्रात आहे. रेषेत आहे. भार कुठून येतो आणि कुठे अडतो हे त्या दोन आकृतींमध्ये स्पष्ट दाखवलेलं आहे. पंख काढून टाकले तरी ते चित्र पडत नाही, आणि माझ्या मते हीच त्याची कसोटी आहे.

उन्मेष क.

सर, सोळाव्या दिवसाची गोष्ट मनात राहील. पंख काढून बघायची कसोटी मी ऑर्सेतल्या चित्रांना लावली नव्हती. पुढच्या वेळी लावेन. पृष्ठभागाबद्दलचं माझं मत मात्र अजून तेच आहे.

नीलमोहर

एक भाषेची गंमत. फ्रेंचमध्ये या देवाला ‘लामूर’ म्हणतात, आणि प्रेमालाही तोच शब्द. म्हणजे चित्राच्या नावातच दोन्ही अर्थ आहेत: मुलापासून बचाव आणि प्रेमापासून बचाव. आपल्याकडेही ‘काम’ म्हणजे इच्छा आणि ‘काम’ म्हणजे देव. मराठीत नाव द्यायचं झालं तर ‘प्रेमदेव’ म्हटलं की हे जातं. ‘मदनाला अडवताना’ म्हटलं तर?

अनंत_वाचक

‘मदनाला अडवताना’ आवडलं. पण मदन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उसाचं धनुष्य, भुंग्यांची दोरी, पाच फुलांचे बाण असं वसंतातलं सगळं लवाजम्यासकट उभं राहतं. क्युपिडचा बाण खरा टोकदार असतो. रोमन कवी ओव्हिडने त्याच्याकडे दोन प्रकारचे बाण दिलेत, एक सोन्याचा, प्रेम जागवणारा, दुसरा शिशाचा, प्रेम विझवणारा. आपल्याकडे शिशाचा बाण नाही. विझवायचं काम शंकराकडे.

कोकणकन्या

मी चित्रकलेतली नाही, पण बुगरोचं आयुष्य वाचलं काल रात्री. ते इथे यायला हवं असं वाटतं.

त्याला पहिल्या बायकोपासून, नेलीपासून, पाच मुलं झाली. त्यातली चार त्याच्या डोळ्यांदेखत गेली. एक मुलगी लहानपणीच. मग १८७५ साली मुलगा जॉर्ज, सोळा वर्षांचा. त्यानंतर बुगरोने मांडीवर मृत येशू घेतलेल्या मेरीचं चित्र काढलं, काळ्या वस्त्रातली मेरी. १८७७ साली नेली गेली आणि पाठोपाठ दोन महिन्यांत तान्हा मुलगा. त्या वर्षीचं चित्र आहे ‘सांत्वन करणारी माता’. जमिनीवर निपचित पडलेलं मूल, मेरीच्या मांडीवर कोसळलेली आई, आणि मेरीने दोन्ही हात वर केलेले. मी ते मोबाइलवर बघितलं आणि उठून पाणी प्यायले.

जाईताईंनी पाहिलेलं चित्र साधारण १८८० चं, म्हणजे त्यानंतर तीनच वर्षांनी. ज्या माणसाने एवढी मुलं गमावली तो पुन्हा मुलांकडे वळला, आणि तेही हसणाऱ्या, अंगावर झेपावणाऱ्या, धडधाकट मुलांकडे. लोक त्याला बाजारू म्हणतात. बाजार असेलही, चित्रं विकूनच त्याचं घर चालत होतं. पण मला त्या गुटगुटीतपणात दुसरं काही दिसतं.

उन्मेष क.

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

रेषाघर

कोकणकन्या, फार चांगलं केलंत हे लिहून. एक जोडतो. १८७७ नंतर पुढे एलिझाबेथ गार्डनर या अमेरिकन चित्रकर्तीशी त्याचं लग्न ठरलं. पण त्याच्या आईचा विरोध होता, आणि आई असेपर्यंत त्याने लग्न केलं नाही. १८९६ साली आई गेल्यावर लग्न झालं, तेव्हा तो सत्तरीचा होता. एलिझाबेथ स्वतः ताकदीची चित्रकर्ती, १८८७ च्या सलोनमध्ये तिला पदक मिळालं होतं. स्त्रियांना सरकारी कलाशाळेत प्रवेश नव्हता तेव्हा अकादमी ज्युलियां या खाजगी शाळेत त्या शिकू शकत, आणि बुगरो तिथे शिकवायचा. १९०५ साली तो ला रोशेलला, आपल्या जन्मगावी, वारला. मग कित्येक दशकं त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. १९८४ साली पॅरिसला त्याचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हापासून पुन्हा बघणं सुरू झालं.

नीलमोहर

बुगरोचाच आणखी एक क्युपिड आहे, १८९१ चा, ‘भिजलेला क्युपिड’. त्यामागे ग्रीक कविता आहे, अनाक्रेऑनच्या नावाने चालत आलेली. गोष्ट अशी: मध्यरात्र, बाहेर पाऊस. कुणीतरी दार वाजवतं. “कोण?” तर म्हणे, “उघड, भिऊ नको, मी लहान मूल आहे, भिजलोय, अंधारात वाट चुकलोय.” कवी दिवा लावून दार उघडतो. बघतो तर खरंच मूल. पंख आहेत, धनुष्य आहे. त्याला शेगडीजवळ बसवतो, त्याचे हात आपल्या हातांत घेऊन ऊब देतो, केसांतलं पाणी पिळून काढतो. थंडी गेल्यावर पोरगं म्हणतं, “बघू तरी, दोरी पावसाने बिघडली नाही ना.” आणि बाण थेट कवीच्या काळजात. मग उड्या मारत म्हणतं, “धनुष्य ठीक आहे, तुझं काळीज मात्र दुखणार.”

हे वाचताना मला आपली चिऊ-काऊची गोष्ट आठवली. पाऊस, दारावर थाप, “चिऊताई चिऊताई, दार उघड.” आपली चिऊ किती वेळ थांबवते त्याला, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब बाळाला तीट लावते. ग्रीक कवी लगेच उघडतो. भिजलेलं मूल दारात असल्यावर कोण थांबेल?

वर्धाकाठ

नीलमोहर, काय सुरेख जोडलंत! माझ्या मुलीला आज रात्री ही गोष्ट सांगणार.

देवगडकर

मी फक्त वाचतो, लिहीत नाही. पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. जाईताई, पुन्हा जाणार असाल तर एक बघून सांगा. इतक्या घोटीव चित्रात कुंचला कुठे दिसतो का?

जाईजुई

देवगडकर, गेले होते, काल. नातवालाही नेलं या वेळी.

सगळ्यांचं वाचून गेल्यामुळे वेगळंच चित्र दिसलं. रेषाघर सरांनी सांगितलं तसं मनातल्या मनात पंख काढून बघितले. तरी तोल जात नाही. मूल तेवढंच जड वाटतं. कुंचल्याबद्दल म्हणाल तर दोघांच्या अंगावर मला तरी एक फटकारा सापडला नाही. मान वाकडी करून, बाजूने, दिव्याच्या उजेडात बघितलं. मागच्या झाडीत मात्र हात सैल आहे, तिथे रंग लावल्यासारखा दिसतो. उन्मेष, तुम्हाला तो कोपरा आवडेल असं वाटलं.

कोकणकन्या, तुमचं लिहिलेलं मनात होतं म्हणून या वेळी मी त्या बाईपेक्षा मुलाकडेच जास्त बघितलं. गालाचा फुगा, कोपराजवळची वळी. १८७७ आणि मग १८८०. मधली तीन वर्षं त्याने कशी काढली असतील, हा विचार तिथे उभं असेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

नातवाला उचलून घेतलं, कारण चित्र त्याच्या डोळ्यांच्या वर होतं. त्याने बराच वेळ बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आजी, त्याला सुई कोणी दिली?”